थांबणाऱ्या बाई

संध्याकाळी भाजी घेऊन परतताना एका खिडकीतून शिकवणीचा आवाज आला. वाचता वाचता एक मुलगी अडखळली, आणि मला आमच्या चाळीतल्या सुमतीबाई आठवल्या.

लहानपणी मी तोतरी बोलायचे. वर्गातली मुलं हसतात म्हणून मी मोठ्याने वाचणंच सोडलं, तेव्हा आईने मला बाईंच्या शिकवणीला घातलं. बाई मेथी निवडत ऐकायच्या. मी अडले तरी शब्द पुरवायच्या नाहीत. म्हणायच्या, "सावकाश गं. मला कुठे जायचंय?"

एकदा शाळेत मी अडखळत का होईना, अख्खा धडा वाचला. धावत बाईंकडे आले, पण आनंदाने तोंडातून शब्दच फुटेना. बाई माझा हात धरून शांत बसून राहिल्या.

आज मी चारचौघांत बोलते, ती त्यांच्या त्या थांबण्याची पुण्याई.