लग्नातला टेबलक्लॉथ आणि कोरी पेटी

"विचार त्याला! माझ्या आईचा टेबलक्लॉथ कुठे गेला, विचार!"

आजीबाई अशा ओरडल्या की कामो नदीवरचे बगळे उडून थेट ओसाकाला उतरले असावेत. क्योतोत इतकी वर्षं काढली, पण इथे मोठ्याने बोलताना मी आजवर फक्त रस्ता ओलांडायच्या सिग्नलमधल्या यांत्रिक पाखराला ऐकलंय.

आमचे घरमालक शांतपणे चहा ओतत होते. खाली त्यांचं जुन्या चित्रांचं दुकान, वर आमचा संसार. विद्यापीठात मी रेशमाच्या किड्यांवर संशोधन करतो. चित्रातलं मला कळतं ते एवढंच की खिळा सरळ ठोकावा. पण मालकांना इंग्रजी येत नाही आणि भाडेकरू फार सभ्य भाषांतर करतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून मला खाली बोलावलेलं.

बाई अर्जेंटिनाहून आलेल्या. युद्ध पेटल्यावर त्यांचे आईवडील पोलंडमधून पळाले, रेल्वेने सैबेरिया ओलांडून जपानात आले आणि कोबे बंदरात जहाजाची वाट बघत बसले. जहाज मिळालं ते एकाएकी. सामान न्यायला जागा नाही. तेव्हा बर्फातल्या पुलाचं एक चित्र त्यांनी आमच्या मालकांच्या आजोबांकडे ठेवायला दिलं. मालकांचं म्हणणं, विकलं. जहाज गाठायच्या घाईतल्या माणसाकडून जे जे हातात आलं, त्याला त्या बंदरातले सगळेच व्यापारी खरेदी म्हणायचे.

यंदा मालकांनी त्या चित्राचा फोटो दुकानाच्या वेबसाइटवर टाकला. चित्राखाली पांढरं कापड, कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने भरलेली आडनावाची अर्धी अक्षरं. पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला बसून बाईंनी आईचा टाका ओळखला. येते म्हणून कळवलं. मालकांनी उत्तर धाडलं, अवश्य या. आणि फोटो बदलला.

"तो तिच्या लग्नातला टेबलक्लॉथ," बाई मला म्हणाल्या. "चित्र विकताना कुणी लग्नातलं कापड देऊन टाकतं का रे? परत न्यायचं असतं तेव्हाच माणूस असं गुंडाळतं. माझ्याकडे दुसरं काही नाही दाखवायला."

हे मी जसंच्या तसं सांगितलं. वर बायकोने श्वास रोखला असणार. परदेशी भाडेकरूला इथे दुसरं घर मिळवण्यापेक्षा सम्राटाच्या राजवाड्यात पोटमाळा मिळवणं सोपं.

मालक आतून चित्र घेऊन आले. हलक्या किरी लाकडाची नवी कोरी पेटी, झाकणावर ब्रशने लिहिलेलं, आजोबांचा संग्रह. या धंद्यात वस्तूचा जन्म पेटीवर लिहितात. शाई वाळली की आधीचे आईबाप मेले. इथे तर ती इतकी ताजी होती की बोट फिरवलं असतं तर माझेही आजोबा संग्राहक झाले असते.

"पेटीवर लिहिलंय ना," मालक म्हणाले.

बाईंनी पेटीकडे बघितलंसुद्धा नाही. त्या खाली बसल्या. आवाज पार उतरला होता.

"कापडाचं पुन्हा विचार," म्हणाल्या.

मी विचारलं. मालकांनी दोन्ही हातांनी कप त्यांच्यापुढे सरकवला.

"पाहुण्या येणार म्हणून दुकान आवरलं. कापड जाळायच्या कचऱ्यात टाकतात. ते मंगळवारी कचऱ्याच्या गाडीतून गेलं."