नामदेवमामांचा इंग्रजीचा पेपर

मी शिक्षक नाही, आणि लेखक तर नाहीच. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. तरी शिकवण्याबद्दल लिहायला बसलो आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

परीक्षा उद्यावर आली होती. नामदेवमामा माझ्यासमोर चटईवर बसले होते. मामा नात्याने नव्हेत; कॉलेजसाठी मी भिंगारला खोली घेतली होती, तिथले शेजारी. लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये वाढपी. तिथेच क्लार्कची जागा निघाली होती. वयाच्या अटीमुळे त्यांची ही शेवटची संधी. गणित जमत होतं. अडत होतं ते इंग्रजीत फ्रेज ओळखण्यापाशी.

फ्रेज म्हणजे वाक्यातला शब्दांचा गट. त्यात पूर्ण क्रियापद नसतं, पण सगळे शब्द मिळून एकच काम करतात. मी एक युक्ती सांगितली होती. मनात प्रश्न विचारायचा. ‘कोण’ किंवा ‘काय’ याचं उत्तर मिळालं तर नाउन फ्रेज. ‘कोणता’चं मिळालं तर ॲडजेक्टिव्ह. ‘कुठे, केव्हा, कसं’चं मिळालं तर ॲडव्हर्ब.

“‘द बॉय सॅट अंडर द ट्री.’ यातलं ‘अंडर द ट्री’?”

“नाउन... न्हाई. ॲडजे... न्हाई, ॲडव्हर्ब फ्रेज, सर.”

“बरोबर.”

महिनाभर असंच चाललं होतं. शेवटी उत्तर बरोबरच येई.

“क्लार्क झाल्यावर घरात बी खुर्ची लागंल,” मामी चुलीपुढून म्हणाल्या. “कुठं ठिवायची ते आधी ठरवा.”

पुढचं वाक्य मी फळीवरचं पुस्तक काढता काढता, पाठमोराच विचारलं.

“मामा?”

“इकडं बघा की, सर.”

“कशाला?”

“तुमचं तोंड दिसल्याबिगर कसं सांगू?”

मेसमध्ये साहेबाला विचारायचं नसतं. ताट उचलायचं की अजून वाढायचं, ते चेहऱ्यावरून ओळखायचं. मामांनी उभं आयुष्य तेच केलं होतं. चुकीचं नाव निघालं की माझ्या कपाळाला आठी पडे आणि ते पुढच्या नावाकडे वळत. यात फसवणूक नव्हती. शिकणं म्हणजे हेच, असं त्यांना वाटत होतं.

“अहो, मनात प्रश्न विचारायचा म्हणालो होतो ना?”

“प्रश्न तुमी इचारायचे, सर. आमी कधी कुनाला इचारलंय?”

मग दिवस मावळेपर्यंत मी भिंतीकडे तोंड करून शिकवलं. बहुतेक उत्तरं चुकली. मामी उठून भांडी घासायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी पेपर सुटल्यावर मी त्यांना फाटकाशी गाठलं.

“कसा गेला?”

“वर्गात जे साहेब हुते, त्यांचं तोंड लई कोरं हुतं,” मामा म्हणाले.

शिकवणाऱ्याने अधूनमधून पाठ फिरवून बघावं, एवढं मला कळलं. कळून उपयोग नव्हता.

सुट्टीत मी गावी, खर्ड्याला होतो. मेसचा आचारी आमच्याच भागातला. तो बाजारात भेटला. मामा नापास झाले होते, जागेवर बाहेरचा माणूस आला होता.

“मला काही बोलले का?” मी विचारलं.

“न्हाई. मास्तर लई चांगला हुता म्हनत्यात. तुमच्याकडंच धाकल्या पोराला लावनार हायेत.”