हारही नको, खाडीही नको

आमच्या घरात माणूस गेला की त्याचा फोटो मोठा करून माजघराच्या भिंतीवर लागतो. आजा, आजी, बाप, आई, चुलता, सगळे ओळीनं आहेत. हाराची फुलं आमच्या वाडीतली, विकतची नाहीत. ही रीत बापानं घातली, मी ती मोडली नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे, पण घरात कुणाला कुठं बसवायचं हे मला शाळेनं शिकवावं लागलं नाही.

मुलगा सातिवलीला साच्यांच्या कारखान्यात होता. तिथून जर्मनीला गेला आणि तिथलीच मुलगी केली. गावानं तोंडं वाकडी केली. मी म्हटलं, सून आली म्हणजे तिचे पितरही आले. मुलाला फोन करून सांगितलं, तिच्याकडच्या जुन्यातल्या जुन्या माणसाचा फोटो पाठव. त्यानं सासूच्या अल्बममधला एक फोटो मोबाइलवर काढून पाठवला, बायकोला न विचारता. सगळा घोळ इथून झाला.

फोटोतला माणूस लष्करी कपड्यात होता. उभट चेहरा, पातळ ओठ, टोपीवर पंख पसरलेला पक्षी. मला वाटलं गरुड. मी खूश झालो, आमच्यात फौजेत कोणी गेलेलं नव्हतं. तुळिंजच्या फोटोवाल्याकडून तो मोठा करून घेतला. त्यानं वरून रंग भरले, गाल गुलाबी केले. माझ्या आजाच्या शेजारी खिळा ठोकला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागलो, "हा आमच्या सुनेचा पणजोबा. लढाईत होता." लोक हात जोडायचे.

ती मंडळी पितृपंधरवड्यात आली. नात पाच वर्षांची. बापानं तिला मराठी शिकवलंय, पण ती सगळ्यांनाच 'तू' म्हणते. मी तिला कडेवर घेतलं आणि एकेका फोटोपुढं नमस्कार करायला लावला. शेवटी त्या टोपीवाल्यापुढं ती हात जोडत होती, तेवढ्यात सून आत आली. तिनं आवाज चढवला नाही. पोरीचे जोडलेले हात सोडवले, तिला माझ्या कडेवरून घेतलं आणि बाहेर नेलं.

मुलगा पांढरा पडला. "बाबा, हा इथं कशाला लावलात?"

"तूच पाठवलास."

"मला वाटलं, तुम्हाला नुसता बघायचाय."

"मेलेल्या माणसाचा फोटो नुसता बघायला कोण मागतं रे?"

तिन्हीसांजेला आम्ही ओट्यावर बसलो. सून तिच्या भाषेत बोलत होती, मुलगा मराठीत सांगत होता.

तिच्या घरात कायम सांगत आले, की पणजोबा फौजेत पाव भाजायला होता. बंदूक नाही, काही नाही, हात पिठानं पांढरे, एवढंच. पणजी फार म्हातारी झाली तेव्हा तिनं एक दिवस सुनेच्या आईला जवळ बसवून खरं सांगितलं. पूर्वेकडच्या परक्या मुलखात एका गावातल्या ज्यू लोकांना, बायापोरांसकट, यांच्या तुकडीनं धान्याच्या कोठारात कोंडलं आणि कोठार पेटवलं. पणजोबा दाराशी होता. आतून लोक दार ढकलत होते आणि यानं ते बाहेरून दाबून धरलं. बायकोला हे त्यानं एकदाच सांगितलं, मग मरेपर्यंत बेकरी चालवली.

सुनेच्या आईनं ही गोष्ट नाताळच्या जेवणात सगळ्यांपुढं काढली. सुनेचा मामा ताटावरून उठला. म्हणाला, किती पिढ्या हे उकरत बसणार, आता पुरे. तो पुन्हा त्या घरात आला नाही.

मी म्हटलं, "मामा बरोबर बोलला."

सून त्याला म्हणाली, काय म्हणाले ते सांग. त्यानं सांगितलं. ती हसली, पण ते हसणं बरं नव्हतं.

"आमच्याकडं शाळा पोरांना, ज्यू लोकांना जिथं मारलं त्या छावण्या दाखवायला नेते," ती म्हणाली. "ज्या घरांतून माणसं धरून नेली त्या घरांपुढं रस्त्यात त्यांच्या नावाचे पितळी तुकडे बसवलेत. आमच्या दारापुढंही आहेत. मी गुडघ्यावर बसून ते घासते. चौकात सगळे मान खाली घालतात, बाबा. घरात मात्र प्रत्येकाचा पणजोबा पाव भाजत होता."

"पितळ घासायला तिथं चिंच मिलते का गं?" आमच्या म्हातारीनं, माझ्या बायकोनं, मध्येच विचारलं.

"तो फोटो काढा," सून म्हणाली.

"भिंत माझी आहे. चढवलेला माणूस मी उतरवत नाही."

"मग माझी मुलगी त्या खोलीत येणार नाही. आणि पुढच्या वर्षी या घरातही येणार नाही."

बोलल्याप्रमाणं केलं तिनं. पोर ओट्यावर जेवायला लागली. मी तिच्यासाठी राजेळी केळ्यांचा घड माजघरात टांगून पिकवला होता. दारात उभी राहून ती विचारायची, "आजोबा, तो माणूस आहे अजून?"

"आहे."

"मग तू केळं बाहेर आण."

मी केळं बाहेर नेऊन द्यायचो. माझ्याच घरात मला असं कुणी सांगितलं नव्हतं.

बापाच्या तिथीला पानं मांडली. त्या टोपीवाल्याचंही पान मांडलं, कारण एकदा धरलेला हट्ट सोडणं माझ्या रक्तात नाही. आमच्यात ज्याला जे आवडायचं ते त्याच्या पानावर वाढतात. बापाला अळूवडी, आईला खीर. त्याच्या पानाशी आलो आणि काय वाढायचं ते सुचेना. पाव वाढावा म्हटलं, तर ते दारच डोळ्यापुढं आलं. दाराला लावलेले हात. मी डाव घेऊन तसाच उभा. भात गार झाला.

मग स्टूल घेतलं आणि फोटो उतरवला. सुनेनं सांगितलं म्हणून नाही. माझा हात चालेना म्हणून.

भंगलेल्या तसबिरी आम्ही खाडीत सोडतो. फोटो पिशवीत घालून निघालो तर सून आडवी आली. पाण्यात नको, म्हणाली.

"हार नको, पाणी नको, मग काय करू? डोक्यावर घेऊन नाचू?"

मुलानं ते सांगितलं. ती थांबून थांबून बोलली, म्हणजे त्याला नीट सांगता यावं. "हार घातला की तो चांगला माणूस होतो. पाण्यात सोडला की तो कधी नव्हताच असं होतं. मला द्या. मी ठेवते, आणि तो कोण होता ते सांगत जाईन."

आमच्याकडं मेलेल्या माणसाला या दोनच जागा. तिसरी मी ऐकली नव्हती. तिनं तो माझ्या जुन्या पंच्यात गुंडाळून बॅगेत ठेवला.

पोर त्या दुपारी माजघरात आली, मागून तिचे आईबाप. रिकामा खिळा बघितला आणि शेजारच्या फोटोवर, माझ्या आजावर, बोट ठेवलं. "हा पण दार धरत होता?"

"नाही गं. यानं ही वाडी उभी केली. विहीर खोदली."

"एकट्यानं?"

स्वयंपाकघरातून म्हातारीचा आवाज आला. "विहीर वेठीच्या वारल्यांनी खोदली. त्यातला एक काम टाकून पलाला म्हनून ह्यांच्या आजानं त्याला धरून आनला नि मागच्या चिंचेला बांधला. मेला तो तिथं. सासूनं सांगितलं मला. सांगा की पोरीला."

"तुला कुणी विचारलं?" मी म्हटलं.

त्या चिंचेचा कोळ करून आम्ही अजून समया घासतो.

सुनेनं मुलाकडं बघितलं, काय म्हणाल्या त्या? मुलगा तिला म्हणाला असावा, "काही नाही. विहिरीचं बोलतायत." तिच्या भाषेतलं मला कळत नाही, पण हात त्यानं विहिरीकडं केला होता.

ती मंडळी गेली. पुढच्या भाद्रपदात येणार आहेत, तसं सुनेनं स्वतः सांगितलंय. आजाचा हार मी उतरवलेला नाही. म्हातारीशी मी त्यावर बोलत नाही, तीही पुन्हा बोललेली नाही.

परवा फोनवर नात दिसली. दात पडलाय, मराठी सुधारलंय. "आजोबा, विहीर कुणी खोदली ते तू सांगितलं नाहीस."

मी फोन वाडीकडं फिरवला. "ही बघ, राजेळीला केवढा घड आलाय."

"ते नको," ती म्हणाली, आणि थांबून राहिली.