चार बोटं आखूड

लाकडाची पारख असलेली माणसं जगात पुष्कळ असतील, पण लाकडाला टिचकी मारून त्याचा स्वभाव, त्याचं खानदान आणि त्याची पुढची दहा वर्षं सांगणारा माणूस सोलापुरात एकच आहे आणि तो आमच्या शेजारी राहतो. सगळी गल्ली त्यांना जॉबर मामा म्हणते. जॉबर म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारा, त्यांची तब्येत सांभाळणारा कारागीर. टॉवेलच्या कारखान्यात मामांनी पस्तीस वर्षं हे काम केलं. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला इकडून तिकडे तडाखा मारणारी एक लाकडी काठी असते. ती तुटली की माग बंद आणि विणकराची मजुरीही बंद. ही काठी निवडण्याचा मान मामांचा. ते ती फरशीवर घरंगळवून बघायचे, एका बोटावर तोलायचे, कानाशी धरून टिचकी मारायचे आणि निकाल द्यायचे. निकाल तीनच असायचे : बोलकं, मुकं आणि रडकं. बोलकं लाकूड मागावर जायचं, मुकं चुलीत जायचं आणि रडकं ज्याने आणलं त्याच्याच डोक्यावर परत जायचं.

मामा निवृत्त झाले, पण त्यांचं बोट काही निवृत्त झालं नाही. लग्नाला गेले तर वधूवरांवर अक्षता टाकायच्या आधी ते कार्यालयाच्या खुर्च्या ठोकून बघतात. कलिंगड तर सगळेच ठोकतात, मामा कलिंगडवाल्याचा गाडा ठोकतात आणि गाडा मुका निघाला तर कलिंगड घेत नाहीत. मुलीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा मुलाचा पगार, शिक्षण वगैरे फालतू चौकशा त्यांनी मामींवर सोपवल्या आणि स्वतः उंबरठ्याबाहेर उभे राहून दार ठोकत बसले. आतल्या माणसांनी चार वेळा "या, या" म्हटलं. शेवटी मामा आत आले आणि म्हणाले, "दार बोलकं हाय. द्या पोरगी." संसार उत्तम चालला आहे, त्यामुळे या पद्धतीविरुद्ध आता कुणाला बोलताही येत नाही. आम्ही हौसेने सागवानी म्हणून जेवणाचं टेबल आणलं, तेव्हा मामांनी चहा पिता पिता त्याला सहज एक टिचकी मारली आणि माझ्याकडे अतिशय दयेने बघितलं. "मुकं हाय की ओ," ते म्हणाले. आतून भुसा निघेपर्यंत मी त्यांच्याशी दोन महिने अबोला धरला होता. भुसा निघाल्यावर तो सोडावा लागला.

त्याच मुलीची मुलगी, लावण्या, ही मामांची एकुलती एक नात. ती त्यांना तेलुगूत ताता म्हणते. बाराव्या वर्षी तिला रोलर हॉकीचं वेड लागलं. पायात चार चाकांचे स्केट्स घालून गुळगुळीत फरशीच्या मैदानावर, म्हणजे रिंकवर, हॉकी खेळायची, असा हा खेळ. मामांना तो पहिल्या दिवसापासून पटला, कारण त्यात एक काठी होती आणि ती तडाखा मारायची. कारखाना सुटल्यापासून त्यांना कुणी काठी निवडायला सांगितली नव्हती. ते रोज संध्याकाळी रिंकच्या कट्ट्यावर बसून पोरींच्या काठ्यांचे आवाज ऐकत. मग जिल्ह्याच्या संघाची निवड जवळ आली. लावण्या तोवर क्लबची सामायिक स्टिक वापरायची. क्लबच्या सरांनी सांगितलं की निवडीला स्वतःची स्टिक हवी, आणि ती उभी धरली की बेंबीपर्यंत यायला हवी. मामांनी हे अर्धवट ऐकलं असं मी म्हणणार नाही. सरांनीच ते अर्धवट सांगितलं होतं.

निवडीच्या आदल्या दिवशी माझ्या स्कूटीवर आम्ही तिघं नव्या पेठेतल्या दुकानात गेलो. दुकानदाराने आधी फायबरच्या झगमगीत स्टिका काढल्या. मामांनी एकीला टिचकी मारली आणि हात पंच्याला पुसला. "ह्याला आवाजच न्हाय. लाकूड दाखवा." मग लाकडी स्टिका आल्या. रोलर हॉकीची स्टिक दोन्ही अंगांनी चपटी असते आणि खाली वाकडी, त्यामुळे ती घरंगळत नाही. पण मामांनी ती घरंगळवायचा प्रयत्न केलाच. मग एकेक बोटावर तोलली, कानाशी धरली, वास घेतला. पाऊण तासाने दुकानदार म्हणाला, "मामा, स्टिक घ्यायला आलाव का पोरगी बघायला?"

"पोरगी बघायला एवढा वेळ लावला न्हवता," मामा शांतपणे म्हणाले.

अखेर एक बोलकी सापडली. आता माप. लावण्याने पिशवीतून स्केट्स काढले आणि मामांचा चेहराच बदलला. दुकानात शिरताना आमच्या तिघांच्याही चपला त्यांनी बाहेर काढायला लावल्या होत्या, कारण दुकान म्हणजे लक्ष्मी. त्यात गल्ल्यावर देवीची तसबीर, पुढे उदबत्ती.

"ताता, स्केट्स घालून माप घ्यायचं असतंय," लावण्या म्हणाली.

"अय्यो! देवीसमोर पायात चाकं घालून उभारतीस? गप अनवाणी उभार."

ती अनवाणी उभी राहिली. स्टिक बरोबर बेंबीपाशी आली, एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. मामांनी तिथेच तिला नमस्कार केला, म्हणजे स्टिकला. मीही मान डोलावली. मी शाळेत गणित शिकवतो, पण चाकांना उंची असते हे त्या वेळी मलाही सुचलं नाही. घरी आल्यावर मामांनी स्टिकला करडईचं तेल चोळून चोळून जिरवलं, आणि ती परत करण्याचा मार्ग अशा रीतीने बंद झाला.

दुसऱ्या दिवशी रिंकवर लावण्या स्केट्स घालून उभी राहिली आणि स्टिक बेंबीच्या खाली चार बोटं राहिली. सरांनी स्टिककडे बघितलं, मग मामांकडे. मामांनी ती चार बोटं स्वतःच्या हाताने मोजली आणि ते कट्ट्यावर जाऊन बसले. पस्तीस वर्षांत त्यांनी दिलेली काठी मागावरून परत आली नव्हती. लावण्याने मात्र रडारड केली नाही. स्टिक जमिनीला टेकेना म्हणून ती गुडघ्यात वाकली आणि पूर्ण वेळ तशीच वाकून खेळली. सर वर्षभर "खाली वाक, खाली वाक" म्हणून घसा कोरडा करत होते, ते काम त्या आखूड काठीने एका सकाळी केलं. तिची निवड झाली, राखीव खेळाडू म्हणून, पण झाली. मामा गल्लीत सांगत सुटले, "मुद्दाम आखूड घेतली की. वाकायला पायजे म्हणून." फक्त एकदा, माझ्या त्या मुक्या टेबलावर चहा पिताना, ते हळूच म्हणाले, "मास्तर, माप चुकलं माझं. पोरगी सांगत हुती." मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल जेवढी माया वाटली तेवढी पूर्वी कधी वाटली नव्हती.

याला दोन वर्षं झाली. लावण्या उंच झाली, आता दुसऱ्या स्टिकने खेळते आणि राखीवही राहिलेली नाही. मामांचे गुडघे मात्र गेले. डॉक्टरांनी काठी वापरायला सांगितली. मुलीने, जावयाने, मी, सगळ्यांनी मिळून अकरा काठ्या आणल्या. मामांनी अकराही ठोकल्या आणि मुक्या ठरवल्या. काठीशिवाय रिंकच्या तीन पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून रिंकवर जाणं थांबलं. संध्याकाळी ते ओट्यावर बसून राहत आणि ओटाही ठोकत नसत. ते बघवत नव्हतं.

परवा आम्ही दोघं ओट्यावर बसलो असताना लावण्या तीच जुनी स्टिक घेऊन आली. वाकडी बाजू वर, खाली रबराचं टोपण बसवलेलं. मामांनी सवयीने टिचकी मारली. स्वतःच निवडलेली, स्वतःच तेल पाजलेली. तिला मुकी म्हणणार कसं? तरी ते उठून उभे राहिले, तिची वाकडी मूठ धरून बघितली आणि म्हणाले, "लांब हाय गं. दोन बोटं लांब हाय."

लावण्याने कोपऱ्यातल्या चपला आणून त्यांच्या पायापाशी ठेवल्या.

"ताता, आधी चपला घाला," ती म्हणाली. "माप मग."

मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि मुकाट्याने चपला घातल्या. मग दोघं रिंककडे निघाले. काठीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत येत होता. मला लाकडातलं काही कळत नाही, पण तो ऐकत मी बराच वेळ दारात उभा होतो.