भावाची धानगिरणी

माझा धाकटा भाऊ नक्षल्यांच्या केसमध्ये जेलात होता. जंगलातल्या दलमला, म्हणजे त्यांच्या बंदूकवाल्या तुकडीला, सामान पोचवलं होतं त्यानं, खोटं कशाला बोलू? शिक्षा भोगून आंबागडच्या पायथ्याशी घरी आला तेव्हा कानावरचे केस पांढरे झाले होते. पुन्हा तिकडं वळू नये म्हणून सरकारी योजनेतून त्याला धान भरडायची लहान मशीन मिळाली. गोठ्याशेजारच्या खोलीत ती बसवली. साहेब म्हणाले, हाताला काम असलं की माणूस घरी टिकतो. मला तेवढंच पाहिजे होतं. आईबाप गेलेले, नवरा गेलेला. माझं म्हणावं असं तोच एक उरला होता.

पण कोणी येईच ना. सायकलवर पोती लादून लोक आमच्या दारावरून पुढं तुमसरला जात. तोंडावर कोणी काही बोलत नसे. "मोटर लहान हाये ना बाप्पा, तांदूळ तुटते, कनकी लय पडते," एवढंच. चालताना पाहिली होती का कोणी ती मोटर? माझ्या तळपायाची आग मस्तकात जाई. भाऊच मला समजावी, "जाऊ दे ताई. दुधानं तोंड भाजलं म्हनजे लोक ताकई फुकूनच पितात."

हलकं, म्हणजे लवकर पिकणारं धान निघालं आणि शेजारची काकू आली. आमच्याकडं नव्या तांदळाचा भात आधी देवाला दाखवतात, मग सगळं घर एका पंगतीत बसून खातं. त्याला 'नवं' म्हणतात. काकूच्या घरी दुसऱ्या दिवशी नवं होतं, लेक-जावई आले होते. "घे रे बाबू, नव्याचं धान हाये, नीट काढजो," ती म्हणाली. भावानं हातपाय धुतले, खोली झाडली, मग धान ओतलं. त्याला हसताना मी किती वर्षांनी पाहत होते.

मशीन सुरू झाली न झाली, तोच दारात जीप. दूर कुठं जंगलात काही झालं की पोलीस जुन्या केसमधल्या लोकांना चौकशीला नेतात. भाऊ म्हणाला, "साहेब, एवढं धान काढून देऊ?" ते नाही म्हणाले. त्यानं बटण बंद केलं आणि जीपमध्ये जाऊन बसला.

काकू अंधार पडेपर्यंत थांबली. मला मशीन चालवता येत नव्हती. शेवटी आम्ही दोघींनी हातानंच धान उपसलं, अर्धं सोललेलं, अर्धं सालासकट. तिच्या घरी नवं झालं नाही, जावई तसाच परत गेला. काकू रागावली नाही. पण परत आलीही नाही, आणि तिचं पाहून दुसरंही कोणी आलं नाही.

भावावर काही निघालं नाही, त्याला सोडून दिलं. पुढं पुन्हा नेलं, पुन्हा सोडलं. मग एक दिवस तो म्हणाला, "ताई, तू शिकून घे. मी नसलो तं कोनाचं धान अडकाले नाई पायजे." मला वाटलं, हाताखाली माणूस पाहिजे असेल. आनंदानं शिकले. बावळट मी!

तेलंगणात मिरची तोडायला जाणाऱ्या टोळीत त्यानं नाव दिलं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

"कायले जाऊन राहिला?"

"तिथं मले कोनी ओळखत नाई."

होळीला टोळी परतली, तो नाही. मधेच निघून गेला म्हणाले. फोन बंद. पुन्हा जंगलात गेला असेल का, या विचारानं मला भाकर गोड लागत नाही. त्यापुढचा विचार मी करत नाही.

मशीन आता मी चालवते. योजनेचे साहेब येऊन पाहून गेले, खूश झाले, फोटो काढला. यंदा नव्याचं धान घेऊन बायांची रांग लागली, त्यात काकूही होती. पोतं खाली ठेवून ती मायेनं म्हणाली, "बरं झालं माय, तू चालवून राहिली. आता धान अडकत नाई."

खरंच होतं तिचं. भाऊ घरी असता तर ती आली नसती. मी तिचं पोतं उचललं आणि मशीन सुरू केली.