निर्मनुष्य ओढ्याचा फोटो

ज्याला मासा खायला आवडत नाही, पाण्यात उतरायला आवडत नाही आणि उन्हात उभं राहायला तर मुळीच आवडत नाही, असा माणूस दर रविवारी मासे धरायला का जातो, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. अशा एका माणसाबरोबर मी दोन हिवाळे हिंडलो. त्याची लाज मला आहे, आणि ती कुणी माझ्यावर लादलेली नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कोल्हापुरात एका फोटो स्टुडिओत कामाला होतो. पासपोर्ट फोटो, बारशी, लग्नं. तो माणूस म्हणजे साहेब, आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांची फाउंड्री होती, आणि परदेशवारीत त्यांनी माशीनं मासा धरण्याचा खेळ पाहिला होता. गळाला गांडूळ किंवा कणीक लावायची नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी पाण्यावर नाचवायची आणि मासा फसेपर्यंत नाचवत राहायचं. कळंब्याच्या तळ्यावर कणकेचा गोळा लावून बसणारी माणसं त्यांना अडाणी वाटत.

"गांडूळ लावून कोण बी धरंल," ते म्हणायचे. "ह्यात डोकं लागतंय."

डोकं लागायचं ते रॉड निवडायला. अॅल्युमिनियमच्या नळकांड्यांतून आलेले पाच रॉड त्यांच्या जेवणाच्या टेबलावर मांडलेले असत. एकेक उचलायचा, मनगटाला झटका द्यायचा, टोक थरथरताना बघायचं, डोळे मिटायचे. कुठला रॉड किती वजनाच्या दोरीसाठी, कुठला मधून वाकतो, कुठला टोकाला, यावर ते तासभर बोलत. माशाबद्दल मात्र एक शब्द नाही. एका रविवारी असाच झटका देताना दोरी छताच्या पंख्यात गुंतली. आतून त्यांच्या पत्नी बाहेर आल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "आज पंखा गावला वाटतं. सोलून देऊ का तसाच तळू?"

मग मी का जात होतो? कॅमेऱ्यासाठी. साहेबांकडे असा कॅमेरा होता, जो आमच्या स्टुडिओच्या मालकांनीही फक्त काचेआड पाहिला होता. ओढ्याचे फोटो काढायचे, त्यांचा आल्बम करायचा, आणि ते काम माझं. वरून मी लिहितो हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून फोटोखालच्या ओळीही माझ्याच.

लिहिणं मला घरातून आलं होतं. कबनूरला आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली ट्रंका नव्हत्या, पत्रकांचे गठ्ठे होते. वडील यंत्रमागावर काम करत आणि सुट्टीच्या दिवशी पत्रकं वाटत. आजोबा छप्पन्न सालानंतर बौद्ध झालेले. पाणी कुणाचं, या एका प्रश्नावर आमच्या घरात जेवढा कागद छापून गेला, तेवढा माझ्या शाळेच्या सगळ्या पुस्तकांना लागला नसेल. मी अक्षरं गिरवली ती त्याच पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. एवढं सगळं घेऊन मी साहेबांच्या जीपमध्ये मागे बसायचो, मांडीवर कॅमेऱ्याची बॅग धरून.

राधानगरीच्या वरच्या अंगाला एक ओढा होता. दगडांतून उतरून तो एका डोहात पडायचा. त्या डोहावर एक म्हातारा असायचा. मासेमार भोयांचं एकच घर होतं त्या वाडीत, ते त्याचं. तो बांबूच्या कामट्यांचे पिंजरे पाण्यात लावायचा आणि ते भरेपर्यंत चिव्याची, म्हणजे बारीक भरीव बांबूची, काठी घेऊन गळ टाकून बसायचा. ती काठी त्यानं स्वतः तोडलेली, चुलीच्या धुरावर धरून सरळ केलेली.

पहिल्या दिवशी साहेब त्याला म्हणाले, "काय पावणं, गावतंय का काय?"

म्हातारा काठीवरची नजर न काढता म्हणाला, "पावणं तुमी. मी हितलाच हाय."

साहेब हसले. मग त्यांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सुरुवात केली. दोरी मागं जायची ती करंजाच्या फांदीत अडकायची, पुढं जायची ती दगडावर आपटायची. दुपारी कधीतरी वीतभर लांबीची एक मासळी बिचारी फसली. साहेबांनी ती दोन्ही हातांत धरली, मी फोटो काढला, आणि त्यांनी ती परत पाण्यात सोडली. मोठेपणानं. तोंडात आकडा घुसून फाटलेला जबडा घेऊन ती मासळी दगडाखाली गेली.

म्हातारा उठून जवळ आला. "सोडली व्हय?"

"आम्ही खात न्हाई, मामा. हा खेळ हाय."

"खायाची न्हवती तर टोचली कशाला?"

साहेब दोरीला दुसरी माशी बांधायला लागले. हा प्रश्न आल्बममध्ये नाही.

आता फोटोबद्दल. वाहत्या पाण्याचा फोटो काढण्याची एक रीत आहे, आणि ती मला फार आवडायची, हे आधीच सांगून टाकतो. कॅमेरा ट्रायपॉडच्या तिकाटण्यावर घट्ट बसवायचा आणि शटरची झडप सेकंदभर उघडी ठेवायची. पाणी फोटोत पाण्यासारखं दिसत नाही, दुधासारखं, धुरासारखं दिसतं. लोक वा वा करतात. पाण्याचा आवाज, त्याचं गारपण, त्यातला गाळ, सगळं पुसून टाकण्याच्या या कारागिरीला निसर्गाची आवड म्हणतात. त्या चौकटीत माणूस आला की सगळं बिघडतं. म्हातारा बरोबर मध्ये बसला होता.

साहेबांना काही म्हणावं लागलं नाही. मीच म्हणालो, "मामा, जरा बाजूला होता का? फोटोत येताय."

तो उठला, काठी उचलली आणि माझ्या मागं येऊन उभा राहिला. मी बटण दाबलं.

तो फोटो आल्बमच्या पहिल्या पानावर लागला. त्याखाली मी लिहिलं: 'माणसाचा स्पर्श न झालेलं, निर्मनुष्य पाणी.' लिहून झाल्यावर मी ती ओळ तीनदा वाचली. मला ती सुंदर वाटली होती.

दुसऱ्या हिवाळ्यात साहेबांनी त्या फोटोच्या आठ प्रती मागितल्या, ओळीसकट. एवढ्या कशाला, विचारल्यावर त्यांनी एक अर्ज माझ्यापुढे टाकला. "शुद्धलेखन बघ जरा." त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी हौशी मासेमारांची एक मंडळी काढली होती. डोहापासून खाली मैलभर ओढा त्यांना राखून मिळावा, पिंजरे आणि जाळी बंद व्हावीत, अशी मागणी होती. कारण असं दिलं होतं: सदर ओढा कोणाच्याही वापरात नाही, सोबतचे छायाचित्र पाहावे. आणि पुढे अवतरणचिन्हांत माझी ओळ.

"तिथं तो म्हातारा असतो की," मी म्हणालो.

"असतोय की. त्याला राखणीला ठेवू. चांगला माणूस हाय."

मी अर्जाची प्रत खिशात घातली आणि कबनूरची एसटी धरली. वडील मागावरून आले होते, केसांत सुताचा भुसा. त्यांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला. मग बोट त्या ओळीवर ठेवलं.

"माणसाचा स्पर्श न झालेलं पाणी. हे कुणी लिवलंय?"

"मी."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, "आन् हे छान वाटलं तुला?"

मी मान खाली घातली. "पत्रक काढतो," म्हणालो.

"पत्रक कशाला? तू काडलायस त्यो फोटो. जा आन् तूच सांग."

त्या अर्जावर वाडीच्या शाळेच्या व्हरांड्यात सभा बसली. तालुक्याहून एक अधिकारी आले होते, त्यांनी अर्ज माझ्या ओळीसकट मोठ्यानं वाचून दाखवला. साहेब चकचकीत बुटांत, नळकांडं घेऊन आलेले, जणू सभेतही रॉडची गरज पडणार होती. म्हातारा खांबाला टेकून बसला होता. मी उभा राहिलो आणि सांगितलं, की फोटो मी काढला, डोहावर हे मामा बसलेले होते, मीच त्यांना बाजूला केलं.

साहेबांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जशी ते कणीक लावणाऱ्यांकडे बघायचे. "ह्याचं काय ऐकताय, रावसाहेब? माझ्या हाताखालचा पोरगा. फोटोत कोण हाय का बघा की तुमीच."

फोटोत कुणी नव्हतं. माझ्या शब्दाला माझाच फोटो खोटं पाडत होता. साहेबांनी मोठा करून आणलेला तो फोटो अधिकाऱ्यांनी म्हाताऱ्याकडे दिला. "मामा, हेच का ते पाणी?"

म्हाताऱ्यानं फोटो लांब धरला, जवळ धरला. मग त्यानं कोपऱ्यातल्या दगडावर बोट ठेवलं.

"ही माझी बंडी हाय की."

मी वाकून बघितलं. दगडावर काहीतरी पांढरं वाळत पडलं होतं. इतके दिवस मी ते दगडफुलाचा डाग समजत होतो. हजारदा बघितलेला, माझ्या हातानं धुतलेला फोटो.

"कुणाचा बी कपडा असंल तो," साहेब म्हणाले.

म्हातारा उठला आणि अधिकाऱ्यांकडे पाठ करून उभा राहिला. अंगात तीच बंडी होती. खांद्यावर निळ्या लुगड्याचं त्रिकोणी ठिगळ. फोटोत तो दगड लहान होता, पण निळा त्रिकोण दिसत होता, आणि त्याचं एक टोक तसंच दुमडलेलं होतं.

मागून कुणीतरी ओरडलं, "निर्मनुष्याला बंडी घातलीया बघा!" सगळा व्हरांडा हसला. साहेब सोडून.

अधिकाऱ्यांनी अर्जावर काहीतरी लिहिलं. डोह वापरात आहे, एवढं मोठ्यानं वाचून दाखवलं. मग मला विचारलं, "फोटोखालचं हे वाक्यही तुमचं?"

"हो."

त्यांनी पेन पुढे केलं. "मग खोडा."

मी खोडलं. अर्जाला जोडलेल्या आठही प्रतींवर.

अर्ज बारगळला. साहेबांनी मासे सोडून पक्ष्यांचा नाद धरला. पाच रॉड गेले, तेवढ्याच दुर्बिणी आल्या. पक्ष्यांना जबडा फाडून घ्यावा लागत नाही, एवढंच बरं. स्टुडिओतली माझी नोकरी मात्र सभेच्याच आठवड्यात गेली.

त्या दिवशी सभा संपायच्या आधीच म्हातारा पायऱ्या उतरला होता, पिंजरे काढायची वेळ झाली म्हणून. मी मागं धावत गेलो आणि तो मोठा फोटो त्याच्यापुढे धरला. "मामा, हा तुम्ही ठेवा."

त्यानं एकदा बघितला. "बंडी बरी आलीया," म्हणाला. "पण मला कशाला? मी तितंच असतोय."

फोटो माझ्या हातातच राहिला. तो ओढ्याच्या वाटेला लागला.