डोंगराची तयारी आणि टँकरचा नंबर

आयुष्यात काही धाडसाचं केलंय का, असं कुणी विचारलं की मी सांगते, हो, ऐन दुष्काळात लातूरला बसून हिमालयात पायी फिरायची तयारी केली होती. लोकांना वाटतं धाडस चालण्यात असतं. चालणं सोपं हो, घरातून निघणं अवघड.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. उस्मानाबादहून फायलींचे गठ्ठे ट्रकमधून येत होते, भाड्याच्या घरांवर कचेऱ्यांच्या पाट्या लागत होत्या, आणि अशाच एका कचेरीत खुर्ची मिळाली म्हणून माझे यजमान खुशीत होते. मी शाळेत भूगोल शिकवायची. जिल्हा आला, पण पाणी काही त्याच्यामागं आलं नाही. पावसाळे कोरडे गेले, विहिरींनी तळ दाखवला आणि गल्लीत टँकर सुरू झाले.

हिमालय मी दर वर्षी शिकवत होते, आणि आजवर चढलेला सगळ्यात उंच डोंगर म्हणजे उदगीरजवळचं हत्तीबेट. एक दिवस मला स्वतःचाच राग आला. मधल्या सुट्टीत मी जाहीर केलं, "उन्हाळ्याच्या सुट्टीत मी हिमालयात चालायला जाणार. कोण येतं?" तिघी तयार झाल्या. त्यातल्या गणिताच्या बाई शिरूर अनंतपाळच्या. त्यांनी आधी विचारलं, "परत यायचंय ना?" आणि मग होकार दिला.

विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या माझ्या धाकट्या भावाचे मित्र गढवालातल्या हर की दून या खोऱ्यात जाऊन आले होते. आता तो सगळा भाग राष्ट्रीय उद्यान आहे. भावाकडून मी वाट समजून घेतली. बस संपते तिथून पुढं चार-पाच दिवसांची पायवाट, मुक्काम लाकडी घरांच्या गावांत. वाटेवरच्या एका गावाचं नावच तालुका आहे हे कळल्यावर आम्ही पोट धरून हसलो. आमच्याकडं तालुक्यासाठी मोर्चे निघत होते.

रेल्वेची मला चिंता नव्हती. मी मुदखेडची. जंक्शनच्या गावातली पोरगी वेळापत्रक पाळण्यातच शिकते. मनमाड, दिल्ली, डेहराडून, कुठं गाडी बदलायची आणि कुठं ताटकळायचं, सगळं मी ठरवून टाकलं. एन.सी.सी.वाल्या सरांकडून पाठीवरचे पिट्टू आणले. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, असा शिधा ठरला. सकाळी कॅनव्हासचे बूट घालून, पिट्टूत वाळू भरून, साडीचा पदर खोचून आम्ही चौघी औशाच्या रस्त्यानं चालायचो. लोक सायकली थांबवून बघायचे. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, कोणत्या कामावर चाललाव? रोजगार हमीचं हाय का?" मी म्हटलं, "हाव, लई लांबचं काम हाय."

आता माझ्या नियोजनातला सगळ्यात पक्का भाग सांगते. तो पाण्याचा होता. प्रत्येकीनं पिट्टूत पाण्याचा मोठा कॅन घ्यायचा. भांडी राखेनं घासून पुसायची, धुवायची नाहीत. आंघोळीचं नावही काढायचं नाही. गणिताच्या बाईंनी दर दिवसाचं पाणी वाटून दिलं. कॅन ठेवल्यावर पिट्टूत स्वेटर मावेनात, तर मी ठणकावलं, "स्वेटर कमी करा, पाणी नाही." सगळ्यांना वाटलं, बाई किती बारकाईनं विचार करतात.

सुट्टी लागायच्या आधी नववीच्या वर्गात मी फळ्यावर उत्तरेच्या नद्या काढत होते. निळ्या खडूनं गंगा काढली, यमुना काढली, यमुनेला मिळणारी टोन्स काढली, आणि माझा हात थांबला. आमची सगळी वाट या टोन्सच्या खोऱ्यात, एका नदीच्या काठाकाठानंच वर जात होती. वर बर्फ, खाली नदी, मधे ओढे, आणि त्यातून आम्ही लातूरचं टँकरचं पाणी पाठीवर घेऊन चढणार होतो. गंगेलाच पाणी पाजायला निघालो होतो म्हणा ना! मी वर्गातच खदाखदा हसत सुटले. गणिताच्या बाईंना सांगितलं तर त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "हिशेब बरोबर होता हो माझा. नदीच ध्यानात आली न्हाई." ध्यानात यायला नदी पाहिलेली तरी हवी.

कॅन निघाले, स्वेटर आत गेले. एकच गोष्ट अडली होती, आणि ती घरी होती. मी नसताना टँकरचं पाणी कोण भरणार?

आमच्या गल्लीचा कायदा कडक होता. पहाटे घागरी रांगेत लावायच्या. टँकर यायची वेळ ड्रायव्हरलाही ठाऊक नसायची, आणि तो आला की आपल्या घागरीजवळ आपलं माणूस हजर पाहिजे. नसेल तर घागर रांगेबाहेर. शेजारपाजाऱ्यांवर सोपवायची सोय नव्हती. ज्याचं त्यालाच पुरत नव्हतं. आमच्या घरात आम्ही तिघंच. सासूबाईंची, म्हणजे आमच्या आत्यांची, कंबर धरलेली. त्यांना रिकामी घागरही उचलवत नव्हती. राहिले यजमान.

"बायकांच्या रांगेत मी घागर घेऊन उभा राहू?" ते म्हणाले. "ऑफिसातले लोक त्याच रस्त्यानं जातात."

"जाऊ द्या की. पाणी त्यांच्याही घरी लागतं."

"अगं, दुष्काळ हाय. पुढच्या वर्षी जा. डोंगर काय पळून जातात का?"

मी भांडायला तोंड उघडलं होतं. मी भांडणात सहसा हरत नाही. पण भिंतीला टेकून बसलेल्या आत्या मधेच बोलल्या.

"तुझा बाप बी असंच म्हनला व्हता."

यजमानांनी वळून बघितलं. वडिलांचा विषय आत्या कधी काढत नसत.

"आपली समदी वस्ती नागपूरला निघाली व्हती, धम्म घ्यायला. म्या पांढरं लुगडं धुऊन ठिवलं व्हतं. पर गावच्या आडाला आपल्याला हात लावू देत न्हवते, पानी नदीवरनं आनावं लागायचं. घरात आंधळी सासू आन् तू मांडीवर. तुझा बाप म्हनला, तू ऱ्हा, पानी कोन भरंल? नागपूर काय पळून जातंय का? फुडच्या बारीला तुला नेतो." त्यांनी लेकाकडं बघितलं. "फुडची बारी आली का रं?"

नागपूरनंतर दोन महिने व्हायच्या आतच सगळी वस्ती रडली होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"उंद्या टँकरला तू जायाचं," आत्या लेकाला म्हणाल्या. "म्या बसते घागरीपाशी. टँकर आला की तू उचल."

दुसऱ्या दिवशी यजमान रांगेत गेले. बायकांनी त्यांची यथेच्छ थट्टा केली. "साहेब, वशिला न्हाई चालत हितं, नंबर मागं!" ते लालबुंद झाले, पहिली घागर अर्धी सांडली, पण दोन्ही घागरी घरी आल्या. आठवडाभरानं तेच गल्लीतल्या भांडणांचे निवाडे करायला लागले. साहेबपणा कुठंतरी वापरायला हवाच की.

निघायच्या दिवशी मी पिट्टू पाठीवर चढवला आणि आत्यांच्या पाया पडले. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण डोळे भरून आले. एवढी मोठी गोष्ट त्यांनी इतकी वर्षं पोटात ठेवली होती आणि मी त्यांना कधी काही विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "आत्या, तिकडून तुम्हाला काय आणू?"

"काय बी नगं." त्यांनी माझा हात धरून ठेवला. "पर आल्यावर समदं सांग. काय खाल्लं, कुठं निजलात, कोन काय बोललं, समदं. तुझा सासरा नागपूरहून आला आन् लई मानूस व्हतं एवढंच बोलून झोपला."